पांढरी ॲम्बॅसिडर, मागचा डावा दरवाजा

आमच्या घरात थिनरला बंदी आहे, असं मी मागच्या पडवीच्या दारावर खडूनं लिहून ठेवलं होतं. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत फळा लिहिला, त्यामुळे अक्षर लागलं नाही ही सबब कुणालाच नाही. तरी त्या दुपारी बँकेतून परत येताना गल्लीच्या तोंडाशीच मला तो वास आला. माझं लग्न एका माणसाशी आणि त्या वासाशी एकदमच झालं, त्यामुळे ओळखायला वेळ लागत नाही.

चपला न काढताच मी मागे धावले. भैयाजी, म्हणजे माझे यजमान, भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसले होते. तोंड उघडं, खांदे वरखाली, छातीतून शिट्टी वाजत होती. श्वासाचा पंप फळीवर, चार हात लांब. पुढ्यात वर्तमानपत्रावर एक खेळण्यातली प्लॅस्टिकची ॲम्बॅसिडर होती, वीतभर लांब, आणि तिचं छप्पर दुधावरच्या सायीसारखं सुरकुतलं होतं.

मी पंप दिला, पाठ चोळली, दारंखिडक्या उघडल्या आणि थिनरच्या डब्याला झाकण लावून तो अंगणात नेऊन ठेवला. रडले नाही. आधी भांडायचं होतं.

"मराचंच होतं तर मले सांगाचं होतं," मी म्हटलं. "मी बँकेत कायले गेली असती?"

श्वास ठिकाणावर आल्यावर ते जे पहिलं वाक्य बोलले, ते स्वतःबद्दल नव्हतं. गाडीकडे बोट दाखवून म्हणाले, "पाह्यलं काय वं? चाळीस वर्षांत एक गाडी खराब नाई केली मी. एक नाई. अन् हे लेकराचं खेळणं मले जमलं नाई."

त्यांचे डोळे भरून आले. मग माझं भांडण तिथंच राहिलं.

हा माणूस कोण, ते आधी सांगायला हवं. देवळीत वर्धा रोडवर ज्यांचं गॅरेज होतं, ते भैयाजी पेंटर. गाडी रंगवून झाली की नंबर प्लेटच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत सही करायचे, 'भैयाजी पेंटर, देवळी'. या भागातल्या जीपा, ट्रॅक्टर, लग्नाच्या गाड्या, सगळ्यांच्या पाठीवर माझ्या नवऱ्याचं नाव गावोगाव फिरायचं. रंगात धुळीचा एक कण बसला तरी अख्खं बॉनेट घासून पुन्हा मारणार. गिऱ्हाईक म्हणायचं, राहू द्या हो, दिसत नाही. हे म्हणायचे, "मले दिसते ना!" एवढा चोखंदळ माणूस, पण तोंडाला मास्क कधी लावला नाही. फार तर दुपट्टा. मग वर्ध्याच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरून सांगितलं, चाळीस वर्षांचा फवारा आत जाऊन बसला आहे, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं सांभाळा. फवारा बंद, थिनर बंद, घासकामाची सुकी धूळ बंद.

मी सांभाळायचं ठरवलं. कंप्रेसर आणि रंग फवारायची गन दोन्ही मीच परस्पर देऊन टाकलं, त्यांना विचारलंसुद्धा नाही. माझा स्वभाव तसाच आहे. एखादी गोष्ट बरोबर वाटली की मी विचारत बसत नाही.

त्यानंतर आठ महिने ते ओट्यावर खुर्ची टाकून रस्ता बघत बसले. सुरुवातीला जाणाऱ्या गाड्यांवर बोलायचे. याचा उजवा दरवाजा नंतर मारला आहे, याचा रंग दोन वर्षांत फुटन, असं काहीबाही. मग तेही थांबलं. जेवा म्हटलं की जेवायचे, झोपा म्हटलं की झोपायचे. छातीतल्या शिट्टीपेक्षा मला त्या गप्प बसण्याची जास्त भीती वाटायला लागली. माणूस वाचावा म्हणून गन काढून घेतली, आणि वाचलेला माणूस मला ओळखू येईना. मला भैयाजी पेंटर परत हवे होते आणि ते जिवंतही हवे होते. यातली एक गोष्ट मिळेल, असं डॉक्टरांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मला दोन्ही पाहिजे होत्या.

अशात एक दिवस अल्लीपूरचे नत्थूजी आले. "राम राम, भैयाजी." "जय भीम, नत्थूजी, या." नत्थूजी शेतकरी माणूस, पंचाहत्तरीचे, आणि त्यांची पांढरी ॲम्बॅसिडर त्यांच्याहून प्रसिद्ध. तीस वर्षं अल्लीपुरातले आणि आसपासचे नवरदेव त्या गाडीतून लग्नाला गेले. गेल्या उन्हाळ्यात ती भंगारात गेली. म्हातारी झाली होती, इलाज नव्हता.

"गाडी तं गेली," नत्थूजी म्हणाले, "पण सकाळी उठलो का गोठ्याकडे पाह्यतो अन् तिथे काहीच नसते. म्हणून हे घेऊन आलो वर्ध्याहून." त्यांनी पिशवीतून ती वीतभर प्लॅस्टिकची ॲम्बॅसिडर काढली. सोबत एक फोटो होता. "पण हे खेळणं आहे, भैयाजी. हे माही गाडी नव्हे. तुमी हिले माही गाडी करून द्या."

भैयाजींनी खेळणं हातात घेतलं. उलटं केलं, तिरपं केलं, नखानं बंपर खरवडला. आठ महिन्यांनी त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं.

"हा पांढरा चुकला," ते म्हणाले. "तुमच्या गाडीचा पांढरा असा नव्हता."

महिनाभरानं, आठवडी बाजाराच्या दिवशी न्यायला येतो, असं सांगून नत्थूजी गेले.

त्या गाडीशी माझंही जुनं नातं आहे. आमच्या लेकीच्या, जागृतीच्या वेळी, भरदुपारी, दिवस भरायच्या आधीच मला कळा सुरू झाल्या. दुसरं वाहन नव्हतं. नत्थूजींची नुकतीच घेतलेली ॲम्बॅसिडर गॅरेजमध्ये रंगायला आली होती, त्याच सकाळी तिच्यावर पांढऱ्या रंगाचा हात बसला होता. तीच काढली. आत बसताना मी मागचा डावा दरवाजा घट्ट धरला आणि माझा पंजा ओल्या रंगात बुडाला. वर्ध्याला दवाखान्यात नर्स विचारत होती, "हाताले चुना कायले लावला, बाई?" पुढचं मला आठवत नाही, तीन दिवस शुद्ध नव्हती. नंतर भैयाजींनी सांगितलं की दरवाजा घासून नवा मारला, काळजी करू नको. परक्याच्या गाडीचं नुकसान केलं म्हणून मला बरेच दिवस वाईट वाटत होतं.

तर ती जागृती आता पस्तीस वर्षांची आहे, पुण्याला औषधांच्या कंपनीत केमिस्ट. तिला मी फोनवर सगळं सांगितलं. चार दिवसांत तिनं खोकं पाठवलं. पाण्यात कालवायच्या रंगांच्या बाटल्या, पाच-सहा बारीक ब्रश आणि दोन गोल डबे लावलेला एक मास्क. वर व्हिडिओवर दम दिला. "बाबा, गन नाही, थिनर नाही. ब्रशनं करायचं, खिडकी उघडी ठेवून."

"पाण्यानं गाडी रंगते काय?" फोन ठेवल्यावर भैयाजी म्हणाले. "गाडी आहे का रांगोळी?"

दुसऱ्या दिवशी मी बँकेत गेल्याचं पाहून त्यांनी सरपणामागे लपवलेला थिनरचा जुना डबा काढला. खरी गाडी रंगवण्याआधी तेलकटपणा जावा म्हणून पत्रा थिनरनं पुसतात. त्यांनी प्लॅस्टिक पुसलं. ज्यानं जन्मात गाडी रंगवली नाही, त्यानं ही चूक केलीच नसती. ती चूक करायला चाळीस वर्षांचा पेंटरच लागतो.

मी दुसऱ्या सकाळी बसनं वर्ध्याला गेले आणि तसलंच दुसरं खेळणं आणलं. ते त्यांच्यापुढे ठेवलं, शेजारी मास्क ठेवला.

"हे दोन्ही संगं," मी म्हटलं. "नाही तं दोन्ही नाई."

त्यांनी मास्क हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "घोड्याच्या तोबऱ्यावानी दिसते."

"दिसू द्या. कोण पाह्यते तुमाले?"

"तू पाह्यतं ना," ते म्हणाले. मग मास्क मांडीवर ठेवून, "माहीबी एक अट आहे, मॅडम. तू इथेच बसजो. बारीक मले दिसत नाई आता. मले दिसत नाई ते तू पाह्यजो."

नोकरी लागल्यापासून ते मला मॅडम म्हणतात, चिडवायला. त्या दिवशी चिडवणं नव्हतं. आणि मी, जिला त्या धंद्याचा इतकी वर्षं राग होता, पाट घेऊन त्यांच्या शेजारी बसले.

काय सांगू, तो महिना माझ्या संसारातला सगळ्यात चांगला महिना होता. गाडीच्या पोटाला त्यांनी बाटलीचं एक बूच चिकटवलं आणि मला बजावलं, गाडी धरायची ती या बुचाला, अंगाला बोट लावायचं नाही. घासकाम पाण्यात बुडवलेल्या वॉटर पेपरनं, म्हणजे धूळ उडत नाही. मग अस्तर, म्हणजे खालचा पहिला हात. मग पांढरा, आणि तो नुसता पांढरा नाही. बाटलीतला कोरा पांढरा मारला असता तर खेळणं खेळणंच राहिलं असतं. त्यांनी त्यात पिवळ्याचा एक थेंब टाकला, राखाडीचा अर्धा, फोटोशेजारी धरला, मान हलवली, परत कालवला. दोन दिवस नुसता पांढरा कालवण्यात गेले. टायर मी काळेभोर रंगवायला निघाले तर हात धरला.

"देवळीत काळाभोर टायर पाह्यला काय कधी? दुकानात असते तो काळा. रस्त्यावर सारे राखाडी."

दरवाज्यांच्या फटींत पाणीदार करडा रंग सोडून वरचा पुसून घेतला, तर चारही दरवाजे उघडतील असे वाटायला लागले. बंपरला चॉकलेटच्या वेष्टनाची चांदी नखानं दाबून बसवली. पातळ हात, वाळू देणं, परत पातळ हात. मास्कच्या आत ते काहीतरी गुणगुणायचे, ते मला बाहेर कुत्रं गुरगुरल्यासारखं ऐकू यायचं, आणि मी हसायचे. पाण्याच्या रंगाला वास येत नाही, याचं त्यांना शेवटपर्यंत दुःख होतं.

भांडलो फक्त चिखलावरून. फोटोतल्या गाडीच्या चाकांमागे चिखल होता. मी म्हटलं, तो पण पाहिजे. ते म्हणाले, "सारी जिंदगी गाडीवरचा चिखल पुसला मी, अन् आता आपल्या हातानं लावू?" दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी पाहते तर मास्क लावून अंगणातली काळी माती माझ्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून गाळत बसलेले. "समोरच्या चाकाचा चिखल दरवाज्याच्या खालीच उडते," जणू भांडण झालंच नव्हतं अशा सुरात ते मला शिकवू लागले, "अन् वाळला का आपली काळी माती काळी राह्यत नाई, फिकी पडते." चिखल कुठे उडतो, हे तो पुसणाऱ्याइतकं कुणाला माहीत असणार?

बाजाराला दोन दिवस राहिले तेव्हा गाडी झाली. मागच्या डाव्या दरवाज्याची चकाकी मात्र त्यांना कमी वाटत होती, म्हणून तेवढ्यावर त्यांनी नुकताच आणखी एक हात दिला होता. उरली फक्त नंबर प्लेट. त्यांनी सगळ्यात बारीक ब्रश घेतला, हात पुढे नेला आणि थांबले. तेवढं बारीक त्यांना दिसेना.

"मॅडम, तुमचं अक्षर चांगलं आहे," ब्रश माझ्याकडे देत ते म्हणाले. "नंबर लिवा. अन् खाली माही सही."

त्यांचं नाव मी आयुष्यात हजारदा लिहिलं असेल, रेशन कार्डावर, शाळेच्या अर्जांवर. पण ही सही त्यांची होती, ती त्यांनी कधी कुणाला करू दिली नव्हती. मी पदर खोचून ब्रश घेतला. नंबर झाला. 'भैयाजी पेंटर' झालं. 'देवळी'तल्या ळीला गाडी बुचावर हलली, आणि मी सावरायला डावा हात घातला. अंगठा मागच्या डाव्या दरवाज्यावर टेकला. उचलला तेव्हा ओल्या चकाकीत माझ्या अंगठ्याच्या सगळ्या रेषा उठल्या होत्या, आधार कार्डाला घेतात तशा स्वच्छ.

मी त्यांच्याकडे पाहिलं. आता उठतील, आता ओरडतील, एका कणासाठी बॉनेट घासणारा माणूस. मला ते ओरडणं हवंही होतं.

त्यांनी मास्क काढला. गाडी डोळ्यांजवळ नेऊन बघितली. मग उजेडात तिरपी धरली.

"राहू दे," ते म्हणाले.

"राहू दे कसं? दोन दिवस आहेत. दरवाजा घासून पुन्हा मारू, पाहिजे तं मी—"

"म्हटलं ना, राहू दे." आणि गाडी खोक्यात ठेवून ते ओट्यावर जाऊन बसले.

त्या दोन दिवसांत मी काय काय विचार केला, ते माझं मला माहीत. मी गन दिली तेव्हाही ते असंच काही न बोलता ओट्यावर जाऊन बसले होते. ज्याला आपल्या कामातला डाग चालतो, तो भैयाजी पेंटर नव्हे. महिनाभर मोठ्या कष्टानं घरी आणलेला माणूस मी एका अंगठ्यानं परत घालवला, असं मला वाटलं. जेवताना दोनदा विषय काढला. त्यांनी भाजी वाढून घेतली.

बाजाराच्या दिवशी नत्थूजी आले. भैयाजींनी खोकं पुढे केलं. नत्थूजींनी गाडी बाहेर काढली, तळहातावर ठेवली. चाकांमागचा चिखल पाहिला, नंबर पाहिला, सही पाहिली. मग चष्मा पुसला आणि उठून दारात उन्हाशी गेले. तिथं गाडी तिरपी धरली.

मला राहवलं नाही. "नत्थूजी, माफ करजा. ते दरवाज्यावरचं बोट माह्या हातून—"

"अरे बापा," नत्थूजी म्हणाले. "बोटबी टाकलं!" आणि ते हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "वहिनी, तुमचंच तं होतं ते. तुमच्याच हातून पडलं होतं."

मला काहीच कळेना. भैयाजी जमिनीकडे बघत होते.

"तुमाले सांगतलं नाई यानं?" नत्थूजी दारातच टेकले. "गाडी घ्याले आलो तवा मी पहिल्यांदा चांगला भांडलो होतो. मागच्या डाव्या दरवाज्याले, हँडलच्या खाली, रंगाच्या आत अंगठा! उन्हात तिरपं पाह्यलं का साफ दिसे. म्हटलं, भैयाजी, तुमचं एवढं नाव, अन् हे काय? तं हा म्हणे, नत्थूजी, पंजाचं सारं घासलं, पण अंगठ्यापाशी हात चालला नाई. बायको दवाखान्यात पडली आहे, दोन दिवस झाले, डॉक्टर काही सांगत नाई. हे घासून टाकलं अन् ती घरी आलीच नाई तं? पाहिजे तं पुरी गाडी पुन्हा रंगवून देतो म्हणे, फुकट, पण एवढं बोट राहू द्या." त्यांनी गाडी परत तळहातावर ठेवली. "मी कायले घासू देतो? तीस-पस्तीस वर्षं त्या बोटासंग गाडी चालवली मी. हे नसतं, तं मी म्हटलं असतं का भैयाजी, हे माही गाडी नव्हे."

नत्थूजी चहा पिऊन गेले. खोकं त्यांनी पिशवीत न ठेवता छातीशी धरून नेलं.

मी कपबश्या उचलल्या नाहीत. तशीच उभी राहिले. "पस्तीस वर्षं मले सांगतलं, दरवाजा नवा मारला म्हणून."

"मारलाच होता," भैयाजी म्हणाले. "बोट सोडून."

"सांगाचं नाई काय मग?"

"सांगतलं असतं तं तू म्हटली असती, परक्याची गाडी आहे, घासा ते." खरं होतं. मी तेच म्हटलं असतं. "अन् मले तवा भेव वाटलं होतं, हे कोणाले सांगू?"

मी त्या घाबरलेल्या, बत्तीस वर्षांच्या माणसाचा विचार करत होते, हातात वॉटर पेपर, समोर माझा अंगठा. आणि मी? मला भीती वाटली तेव्हा मी त्यांची गन काढून दुसऱ्याला दिली होती.

"गन देऊन टाकली मी," मी म्हटलं. "तुमाले न विचारता. चुकलं माहं."

"हाव, चुकलं," ते म्हणाले. "पण मी जित्ता आहो ना."

मग ते उठले, पडवीत गेले आणि फळीवरून ती पहिली ॲम्बॅसिडर काढून आणली, थिनरनं छप्पर सुरकुतलेली. ती मी फेकायला सांगितली होती. "हिले गंज लावून पाहू," म्हणाले, "भंगारातल्या गाडीवानी. छप्पर तं आयतंच बसलं आहे." पाट ओढला, वर्तमानपत्र पसरलं, बाटल्या मांडल्या. मी तोंड उघडणार, त्याआधीच त्यांनी खुंटीवरचा मास्क काढून तोंडावर बांधला. मी खिडकी उघडली आणि त्यांच्या शेजारी बसले.